मावशी जागी होती

४ ऑक्टोबर

शहाणे,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी जाब.

फोन केला नाही, कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करत दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतेस. मला टकटक ऐकू येते. अख्खी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून केली मी. समोरचा ऐकतोय की नुसती मान हलवतोय, हे मला पाठमोरीलाही कळतं. कागदाला मात्र मान हलवून फसवता येत नाही, तो वाचावाच लागतो.

कालच्या पेपरात तुझा फोटो आलाय. पांढरा कोट, रबरी बूट, आणि वाकून तू एका डुकरिणीच्या गळ्यात हात टाकलायस. दोघी हसताय. खाली छापलंय, या डुकरिणीच्या पोटात माणसाचं यकृत वाढतंय. मी चष्मा पुसून परत वाचलं. परत तेच होतं.

मला तू काय सांगितलं होतंस? "आत्या, फार्मवर जनावरांना लसी टोचते." लसी!

तो माणूस कोण? जिवंत आहे का? त्याला विचारलं होतं का, की बाबा रे, तुझं यकृत डुकरिणीत वाढवलं तर चालेल का? आणि डुकरिणीला कोणी विचारलं? हसू नकोस. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दुसरीच्या डब्याला हात लावला तरी सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. तुम्ही तर सरळ दुसऱ्याच्या पोटात हात घालताय, आणि वर फोटो काढून घेताय.

तुझ्या बापाचं काय म्हणणं आहे यावर? माझा धाकटा भाऊ बरेच महिने गप्प आहे. माझी टर उडवणारं त्याचं पत्र यायचं, तेही बंद आहे. लहानपणी तो गप्प झाला की आई हातातलं टाकून तो कुठे आहे ते बघायला धावायची.

उलट टपाली उत्तर हवं, आणि हाताने लिहिलेलं.

आत्या


११ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

हाताने लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस, डॉक्टर आहे मी, जनावरांची का होईना.

आधी फोटोचं. ती हसत नव्हती, तिचं तोंडच तसं आहे. तिचं कागदोपत्री नाव नुसता एक नंबर आहे, पण शेड झाडणारे आजोबा तिला 'मावशी' म्हणतात. खाणं उशिरा आलं की ती भांडं पायाने ढकलून दाराशी आणून ठेवते आणि आपल्याकडे बघत उभी राहते. आजोबा म्हणतात, अगदी माझ्या बायकोची मावशी. आता आम्ही सगळेच मावशी म्हणतो.

ती काय आहे ते साध्या भाषेत सांगते. अशा डुकरांमध्ये जन्माच्या आधीच अशी तजवीज केलेली असते की त्यांचं स्वतःचं यकृत तयारच होत नाही. पोटात ती जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेत माणसाच्या मूळपेशी सोडतात. मूळपेशी म्हणजे अजून काय व्हायचं ते न ठरलेल्या पेशी. त्या माणसाच्या कातडीच्या कपच्यापासूनही करता येतात. त्यांना यकृताची रिकामी जागा मिळाली की त्या यकृत होतात. पुढे त्या काढून त्याच माणसाला द्यायच्या, म्हणजे त्याचं शरीर त्यांना परकं म्हणत नाही. बाकी सगळं डुक्कर, फक्त यकृत माणसाचं. हे झालं तुझ्या "माणूस किती आणि डुक्कर किती" या प्रश्नाचं उत्तर (तू विचारलं नाहीस, पण विचारणार होतीस).

माणूस जिवंत आहे आणि त्याला विचारलं आहे. तो कोण, ते नियमाने सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मावशीची एक छोटी शस्त्रक्रिया आहे, यकृताचा तुकडा काढून तपासायचा. भूल मीच देते. चाकू साहेब चालवतात. साहेब म्हणजे या सगळ्याचे प्रमुख. हुशार माणूस, पण काम करताना शिट्टी वाजवतात. एकच चाल, तीही अर्धी. एका ठिकाणी येऊन थांबतात आणि परत पहिल्यापासून. पुढची त्यांना येतच नाही बहुतेक. आम्ही सगळे मनातल्या मनात ती पूर्ण करून करून वेडे झालो आहोत.

बाबा बरे आहेत. जरा थकतात.

तुझी शहाणी


१५ ऑक्टोबर

शहाणे,

"जरा थकतात." हा शब्द तुझ्या बापासाठी आजवर कोणी वापरला नव्हता. त्याच्यामुळे बाकीचे थकतात. कोर्टात साक्षीदार एवढा लांबलचक बोलून शेवटी असा चिमूटभर शब्द टाकायचा, तेव्हा मी पेन्सिल घट्ट धरायचे. तिथेच खरं असायचं. पण नियमाने सांगता येत नसेल, तर राहू दे.

डुकरिणीला मावशी म्हणता, मग मी तिची कोण लागते ते एकदा बसून ठरवा.

एक सांगते. भूल तू देणार आहेस ना? नीट झोपव तिला. ती झोपली आहे असं तुम्हाला वाटणं आणि ती झोपलेली असणं यात फरक असतो. कसा, ते मला विचारू नकोस, तुझ्या बापाला विचार. तो करून दाखवील. घरात चार पाहुणे जमले की जमिनीवर ताठ आडवा होतो, अंगावर चादर घेतो, एक डोळा उघडा ठेवतो आणि माझ्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, मी सगळं ऐकतेय हं!" सगळे पोट धरून हसतात. तूही हसायचीस, फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून.

आत्या


२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

उशीर झाला. तीनदा लिहायला बसले आणि फाडलं. इथे हे कोणाशी बोलायची सोय नाही.

मावशीची शस्त्रक्रिया झाली. आम्ही दोन इंजेक्शनं देतो. एक झोपेचं. दुसरं सगळे स्नायू सैल करणारं, म्हणजे घशात नळी घालता येते. दुसऱ्याचा अंमल चालू असताना श्वासही आपला आपण घेता येत नाही, आम्ही रबरी पिशवी दाबून हवा देतो. पण तो अंमल अगदी थोडा वेळ टिकतो. यकृत एक पदार्थ बनवतं, तो हे औषध रक्तातच मोडून टाकतो. इतर डुकरं टाके संपून झोपेचं औषध बंद झालं की लगेच ओरडत उठतात.

तुकडा काढला, टाके घातले, झोपेचं औषध बंद केलं. मावशी हलली नाही. श्वास नाही. पाय उचलला तर ओल्या कापडासारखा खाली पडला. मी पिशवी दाबत राहिले. साहेबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "मेंदू गेला हिचा. सोड पिशवी. यकृत ताजं आहे तोवर काढून घेऊ."

आणि ते चाकू बदलायला वळले, शिट्टी वाजवत.

आत्या, तिचं हृदय धावायला लागलं. पडद्यावरची रेघ इतकी दाट झाली की नुसता हिरवा पट्टा दिसत होता. ते लांब गेले, रेघ सुटी झाली. जवळ आले, परत तेच. "मशीन बिघडलंय," म्हणाले. दुसरं आणलं. दुसऱ्यावरही तेच झालं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. पापण्या अर्ध्या उघड्या होत्या, आणि कडेने पाण्याची एक धार नाकाकडे जात होती. भुलीत डोळ्यांतून पाणी येतं, त्यात विशेष काही नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते.

मी पिशवी सोडली नाही. साहेब चिडले, मग कंटाळले, मग जेवायला गेले. शेड झाडणारे आजोबा आले आणि माझे हात भरून आले की ते पिशवी दाबायचे. उन्हाचा पट्टा खिडकीखालून निघून समोरच्या भिंतीवर चढला, तेव्हा मावशीचा डावा कान हलला. मग तिने स्वतःचा श्वास घेतला.

आता ती खाते, चालते. फक्त साहेब बोळातून शिट्टी वाजवत आले की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. ताठ. घास तोंडात असला तर तसाच राहतो. ते गेल्यावर परत चावायला लागते. आजोबांनी तीच शिट्टी वाजवून पाहिली, तेव्हा तिने वळूनही बघितलं नाही.

साहेबांनी सगळ्यांना बजावलंय, हे कुठेही लिहायचं नाही. समजलं तर चौकशी बसेल आणि काम थांबेल. मी गप्प बसलेय. मला काम थांबून चालणार नाही. का, ते विचारू नकोस.

तुझी


५ नोव्हेंबर

बाळ,

पत्र उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून परत वाचलं.

ती जागी होती. तुला ते कळलंय, म्हणून तर तू पत्र तीनदा फाडलंस.

तुझा बाप ज्याची नक्कल करतो ते आता मी सांगते. माझ्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पंचविशीत होते. सुई टोचली, झोप आली, आणि मग झोप गेली. अंग मात्र माझं राहिलं नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, शाळेत आहे. आमच्या सिस्टरांची एक शिक्षा होती, 'पुतळा'. बाकावर हात बांधून उभं राहायचं आणि पापणी हलली तरी वेळ परत पहिल्यापासून सुरू. मला वाटलं, आज मी कोणाला उलट बोलले?

मग मला चाकू कळला. त्याबद्दल लिहीत नाही.

वेड लागू नये म्हणून मी जे येत होतं ते केलं. जे कानावर पडेल ते मनातल्या मनात शॉर्टहँडमध्ये उतरवत गेले. सर्जनच्या गच्चीतून पाणी गळत होतं, गवंड्याने त्याला फसवलं होतं. नर्सच्या हातून काहीतरी पडलं, ती "अगं बाई" म्हणाली. भूल देणारा म्हणाला, "हिची नाडी काय घोड्यासारखी धावतेय." सर्जन म्हणाला, "प्रेशरचं मशीन बिघडलंय." त्यांचंही मशीन बिघडलं होतं, शहाणे.

संध्याकाळी माझी जीभ हलायला लागली तशी मी त्याला सगळं म्हणून दाखवलं, गच्चीसकट. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग हसला आणि म्हणाला, "भुलीत स्वप्नं पडतात." घरचेही तेच म्हणाले, कारण डॉक्टर म्हणाला होता. तेव्हापासून हे 'ताईचं स्वप्न' झालं आणि तुझ्या बापाला एक नक्कल मिळाली.

आता माझं ऐक. त्याच इंजेक्शनावर इतर डुकरं ओरडत उठतात, आणि हिलाच काय झालं? तूच लिहिलंयस, ते औषध मोडणारा पदार्थ यकृत बनवतं. हिचं यकृत माणसाचं आहे. म्हणजे ज्याचं आहे, त्याच्या यकृताला तो पदार्थ बनवता येत नाही. माझ्यासारखंच. असली खोड रस्त्यावरच्या कोणाचीही नसते, ती रक्तात येते.

नियम गेला चुलीत. कोणाचं यकृत आहे ते?

आत्या


१० नोव्हेंबर

आत्या,

बाबांचं.

दीड वर्षापासून त्यांचं यकृत कामातून जात चाललंय. "ताईला कळवलंस तर ती इथे येऊन बसेल आणि मी आजाराआधी तिच्या जिभेने मरेन," म्हणाले. माझ्याकडून शपथ घेतली. त्यांच्या दंडाची कातडी मीच काढली. मावशी वाढताना मी रोज तिचं वजन करायचे आणि बाबांना सांगायचे, आणि ते म्हणायचे, "मी आज किती किलो?"

आत्या, मला हे तुझ्या पत्राआधी सुचलं नव्हतं. मी डॉक्टर असून. घरात जे नकलेतच ऐकलं, ते आजार असेल असं मनातच आलं नाही.

बाबांचं ऑपरेशन पंचवीस तारखेला ठरलंय. त्याच्या आदल्या दिवशी मावशीच्या पेशी काढायच्या. हॉस्पिटलच्या भूलतज्ज्ञ बाईंनी बाबांना फॉर्मवर विचारलंय, "कुटुंबात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का?" बाबांनी मोठ्या अक्षरात "नाही" लिहिलंय. पुढे कंसात "एक बहीण आहे, पण तिचा त्रास इतरांना होतो." बाई हसल्या म्हणे.

मी मावशीचं सांगितलं तर चौकशी, काम बंद, पेशी नाहीत. डॉक्टर म्हणतात, बाबांना दुसरा रस्ता उरलेला नाही. नाही सांगितलं, तर ते टेबलावर जागे राहतील, आणि पोट उघडणार आहेत त्यांचं. बाबांना आडून विचारलं, तर म्हणाले, "ताईच्या स्वप्नासाठी आता हॉस्पिटलचे नियम बदलायचे?" ते कबूल झाले, त्यांनी स्वतः "हो" लिहिलं, तर बाई रक्त तपासतील, ते इंजेक्शन देणारच नाहीत. मावशीचं नावही काढावं लागणार नाही. पण ते माझं ऐकत नाहीत.

तू लिही त्यांना. मी शपथ मोडली.

तुझी


१३ नोव्हेंबर

धाकट्या,

मला सगळं कळलंय. लेकीवर ओरडू नकोस, तुझीच लेक ती, माझ्यापुढे किती टिकणार होती? तुझ्या लपवाछपवीबद्दल मी भेटल्यावर बोलेन आणि तुला बसून ऐकावं लागेल.

फॉर्मवरचं "नाही" खोडून "हो" लिही.

तू म्हणशील, ताईचं स्वप्न. ठीक आहे. त्या स्वप्नातलं एक वाक्य मी आजवर कोणाला म्हणून दाखवलं नाही. ना सर्जनला, ना आईला, ना तुझ्या बायकोला. तू पन्नास माणसांसमोर चादर अंगावर घेऊन माझी नक्कल केलीस, तेव्हा ते जिभेवर आलं होतं. दर वेळी गिळलं.

टाके घालायला सुरुवात झाली होती. दार उघडून कोणीतरी आत आलं आणि म्हणालं, "बाहेर हिचा भाऊ आहे. रडून रडून ओकलाय पोरगा. म्हणतोय, ताई मेली तर मी घरी कसा जाऊ." सर्जन म्हणाला, "पाणी पाजा त्याला आणि तोंड पुसायला सांगा. बहिणीला दिसता कामा नये."

मला घरी न्यायला आलास तेव्हा तुझे केस ओले होते, चापून बसवलेले, आणि खिशात हात घालून, शीळ घालत असल्यासारखा उभा होतास. "काय ताई, झोप झाली का?" म्हणालास. तू ते कोणाला सांगितलं नाहीस, हे मला माहीत आहे. त्या दाराच्या आतल्या माणसांशिवाय ते कोणाला माहीत असणार?

मी ते ऐकलं, कारण मी जागी होते. तुझ्या त्या रडण्यावर मी त्या टेबलावर जीव धरला, रे गाढवा. म्हणून तुझी नक्कल मी सहन केली.

मला माफी नको. "हो" लिही.

ताई


१६ नोव्हेंबर

ताई,

लिहिलं. कंसातलंही खोडलं.

शर्टाला लागलं होतं, ते मी हॉस्पिटलच्या नळाखाली धुतलं. ओल्या शर्टात तुझ्यासमोर उभा होतो आणि तू म्हणालीस, "घामट, लांब हो." तेवढं तुझ्या शॉर्टहँडमध्ये राहिलेलं दिसतंय.

चादरीचं काय बोलू ते कळत नाही. तू हसणाऱ्या मंडळींत सरबत वाटत फिरायचीस. मला वाटायचं, तुलाही मजा येते.

रक्त काढून नेलं. आज त्या भूलतज्ज्ञ बाई स्वतः खाटेशी आल्या. तो पदार्थ माझ्या रक्तात जवळजवळ नाहीच. म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी ओळखून दिलं?" मी म्हटलं, ताई. त्या म्हणाल्या, "त्यांना कधी झालं होतं?" मी सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्याच. म्हणाल्या, "त्यांना कोणी सांगितलं का कधी, की ते खरं होतं?"

मी खिडकीकडे बघितलं, ताई. ते इंजेक्शन मला देणार नाहीत. झोपवूनच ठेवणार म्हणाल्यात.

गाढव


२७ नोव्हेंबर

आत्या,

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. तू काचेतून बघितलंसच. पेशी रुजतायत, आकडे रोज थोडे चांगले येतायत. तू घरी गेल्यावर बाबांनी पहिली तक्रार खाण्याची केली.

हे पत्र त्यासाठी नाही. चोवीस तारखेबद्दल तू बसमध्ये चढेपर्यंत एक अक्षर बोलली नाहीस, आणि मीही नाही.

मावशीच्या पेशी काढायच्या दिवशी तू फार्मवर आलीस, तेव्हा साहेबांना वाटलं, तू पेपरवाली आहेस. तू म्हणालीस, "मी हिची आत्या," आणि स्टूल ओढून मावशीच्या डोक्याशी बसलीस. त्यांना कळेना, हिची म्हणजे कोणाची. तू तिचा कान धरून तिला एकेक सांगत होतीस: आता सुई टोचेल, आता झोप येईल, मग तुला काही कळणार नाही, आणि मग तू उठणार नाहीस. मला ते ऐकवेना. तू म्हणालीस, "मला कोणी सांगितलं असतं तर." मग साहेब बोळातून आले, शिट्टी वाजवत. मावशी ताठ झाली. आणि आत्या, मी पडद्याकडे बघत होते, म्हणून मला उशिरा दिसलं. तूही झाली होतीस. तोंड अर्धं उघडं, शब्द अर्धा. तुम्ही दोघी भिंतीकडे बघत होतात.

मग तू म्हणालीस, "शिट्टी बंद." सिस्टरांसारखा आवाज होता. त्या माणसाने खरंच हात मागे बांधले.

स्नायूंचं इंजेक्शन मी भरलंच नव्हतं. तिला नुसती झोपवली, खोल. रेघ शेवटपर्यंत सरळसाधी होती. ती झोपेत गेली, याची मी खात्री केली आहे, दोनदा.

बाबांना मी यातलं काही कळवलेलं नाही. मावशी जागी होती तेही नाही, शिट्टीचंही नाही. आजोबांनाही बजावलंय. त्यांनी शेडची ती जागा धुतली, पण भांडं दाराशी तसंच आहे.

शहाणी


९ डिसेंबर

ताई,

घरी सोडलं. मी बरा आहे, हे आधी. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. आरशात परत जुना देखणा माणूस दिसतो.

एक गोष्ट तुलाच लिहितोय. लेकीला सांगू नकोस, ती फाइलीत घालील.

हॉस्पिटलात तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक माणूस बोळातून ट्रॉली ढकलत गेला, शीळ घालत. कुठलंतरी सिनेमातलं गाणं. पण मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं, त्याच्या खालून. माझं हृदय इतकं धावायला लागलं की मशीन ओरडलं. नर्स आली, वायरी हलवल्या, म्हणाली, "मशीन बिघडलंय." मला तिला हाक मारायची होती. हात उचलेना. तोंडात घोट होता, तो गिळता येईना. ट्रॉली गेली आणि सगळं सुटलं.

आता घरी कोणीही शीळ घातली की तसं होतं. शेजारचा पोस्टमन, खाली सायकलवाला. ते काहीही वाजवोत, मला एकच चाल ऐकू येते. मी ती उभ्या जन्मात ऐकलेली नाही. ती पुरीही होत नाही. एका जागी येऊन थांबते आणि परत पहिल्यापासून.

आणि ती चालू असताना मी भिंतीकडे तोंड करतो. का, ते मला माहीत नाही. काल तसं झालं तेव्हा कोणीतरी माझा कान धरला आहे असं वाटत होतं, आणि तेवढ्यामुळे मी रडलो नाही.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, भुलीनंतर स्वप्नं पडतात.

ताई, मी जागा असतो.

गाढव


१२ डिसेंबर

धाकट्या,

तुझं पत्र सकाळी आलं. मी बॅग भरलीय, उद्या दुपारच्या गाडीने येतेय. माझी खोली झाड आणि तुझ्या सोसायटीच्या वॉचमनला सांग, की आवारात शीळ घालणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे.

हे कोणाला सांगू नकोस. ते हसतील, आणि त्यांचंही चुकत नाही. त्यांना कसं कळणार? कोणी विचारलंच, तर म्हण, माझ्या बहिणीने सांगितलंय की हे खरं आहे.

मी आल्यावर ती चाल मला गुणगुणून दाखवू नकोस. कुठे थांबते तेही सांगू नकोस. मला माहीत आहे.

ताई